कल्हईवाल्याच्या पायांतील बूट

सुज्ञ वाचकहो,

इर्बिद शहरातील विद्यापीठ रस्त्यावर एक कल्हईवाला एकाएकी नाहीसा कसा झाला, तो कोणाच्या हातून परत आला, आणि ज्या वृद्धावरून तो घडविला गेला होता त्याच वृद्धाने त्याला का ओळखले नाही, याचे साद्यंत निवेदन करण्याचे मी योजिले आहे. हा कल्हईवाला संगणकातील खेळात वास करीत होता, हे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे कोणी रक्ताची वाट पाहत बसणार नाही. तथापि त्याच्या जाण्याने एका घरात जेवणाचे ताट जसेच्या तसे परत जाऊ लागले, हेही तितकेच सत्य आहे.

एक

मी मूळचा इचलकरंजीचा. कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्टर म्हणून या अरब देशी आलो. पुढे कारखाना सुटला, देश सुटला नाही. अबू सख्र यांचे इंटरनेटचे दुकान वरच्या मजल्यावर आणि माझे शिवणकामाचे दुकान त्यांच्या जिन्याखाली, असा आमचा शेजार आहे. माझ्या मुलाच्या नावावरून येथे मला सर्व जण अबू किरण, म्हणजे किरणचा बाप, म्हणतात.

वरच्या दुकानात महावीरांचा एक खेळ चालतो. खेळणाऱ्याने आपला वीर स्वतः घडवावयाचा, त्यास चेहरा, वेष, चाल आणि शक्ती द्यावयाची, आणि मग त्याला एका कल्पित महानगरात दुष्टांशी झुंजवावयाचे. जगातील लोक विजेचे आणि बर्फाचे वीर घडवितात. परंतु येथील शाळेत चित्रकला शिकविणाऱ्या तग्रीद यांनी निराळीच कल्पना काढली. इर्बिदच्या गल्ल्यांतून जे फेरीवाले नाहीसे झाले, त्यांचाच एक संच करावा असे त्यांनी सुचविले. त्याप्रमाणे अबू सख्र यांनी रॉकेलवाला घेतला. त्याच्या डब्याच्या तोटीतून ज्वाला निघत. औषधविक्रेता दिरार याने धारवाला घेतला, ज्याच्या चाकातून ठिणग्यांचा पाऊस पडे. आणि तग्रीद यांनी कल्हईवाला घडविला.

हा कल्हईवाला म्हणजे त्यांचे वडील हाजी मुफलेह यांची हुबेहूब मूर्ती होती. जुन्या बाजारात त्यांनी आयुष्यभर भांड्यांना कल्हई केली. मोठ्या कढईत अनवाणी उभे राहून, भिंतीला धरून, टाचांवर कंबर फिरवीत ते तळ घासत. काजळीचा हात मागे कमरेवर पुसण्याची त्यांना सवय होती. म्हणून वीराच्या पाठीवर, कमरेच्या वर, काळ्या पंजाचा ठसा होता. चकाकते ताट ही त्याची ढाल होती आणि युद्धात तो सर्वांच्या पुढे धावे.

पत्नीच्या निधनानंतर हाजींची स्मृती गेली. ते कोणास ओळखत नसत, घास तोंडात घेऊन गिळण्याचे विसरत. परंतु घरच्या संगणकावर कल्हईवाला धावू लागला की ते मान उचलून म्हणत, "हा मी." आणि मग मुलीच्या हातून जेवत.

माघाच्या सुमाराचा पाऊस पडत होता. मी अबू सख्र यांची उसवलेली पँट द्यावयास वर गेलो होतो. इतक्यात तग्रीद शाळेतून घरी जाऊन तशाच धावत आल्या. त्यांनी छत्रीही मिटली नाही.

"अबू सख्र, कल्हईवाला गेला," त्या म्हणाल्या. "कोणीतरी पुसून टाकलाय."

खेळाचा नियम असा होता की वीरास पुसावयाचे किंवा त्याचा वेष बदलावयाचा, तर घडविताना दिलेला गुप्त शब्द सांगावा लागे. तिन्ही वीर एकाच दुपारी याच दुकानात घडविले गेले होते, आणि अबू सख्र यांनी तिघांसाठी एकच शब्द ठेवून तो हसत हसत मोठ्याने उच्चारला होता. तग्रीद यांचे खाते या दुकानात आणि त्यांच्या घरी असे दोन्हीकडे सदा उघडे असे. मी त्या दुपारी हजर असणाऱ्यांची मनात उजळणी केली. आम्ही खेळणारे आणि बघणारे, आणि हाजींना गाडीतून घरी न्यावयास आलेला त्यांचा मुलगा रशाद. बाहेरचे कोणी नव्हते.

पुसणारा आमच्यातलाच होता.

दोन

अबू नज्द हे विमा कंपनीत मोटारींच्या अपघातांची पाहणी करीत. आता निवृत्त आहेत. गुडघे गेलेले, साखरेचा विकार, आणि बोलता बोलता डोळे मिटून घेण्याची खोड. कोणाचे काही हरवले की लोक त्यांच्याकडे जातात, आणि ते दर वेळी म्हणतात की हे शेवटचे. तग्रीद यांनी सर्व हकिगत सांगितली. हाजींनी सकाळपासून पाण्याखेरीज काही घेतले नव्हते, हे ऐकल्यावर अबू नज्द यांनी काठी मागितली.

त्यांनी पंचनामा वगैरे काहीच केला नाही. प्रत्येकास एकच प्रश्न विचारला. कल्हईवाला शेवटचा पाहिलास तेव्हा तू कोठे उभा होतास? अपघातात कोण खरे बोलतो, ते त्याने काय पाहिले यापेक्षा कोठून पाहिले यावरून कळते, असे त्यांचे मत होते.

प्रथम ते मला सोबत घेऊन दिरारच्या औषधाच्या दुकानात गेले. दिरार हा तिखट जिभेचा तरुण, तरी अबू नज्दना इतरांप्रमाणे अम्मो, म्हणजे काका, म्हणे. या संचावर त्याचा राग होता आणि त्याने तो लपविला नाही.

"मिस तग्रीदच्या डोक्यात संग्रहालय आहे," तो म्हणाला. "मी म्हटलं होतं, हे बदलू. एखादा वैमानिक करू. जग आकाशात उडतंय आणि आम्ही भांडी घासतोय. पण पुसायचंच असतं तर मी माझा धारवाला पुसला असता, अम्मो. मान मोडते त्या चाकानं." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "अबू किरण, तू साक्ष ऐकतोयस की माझं माप घेतोयस?"

कोठे उभा होतास, यावर त्याचे उत्तर सरळ होते. युद्धात तो सदैव कल्हईवाल्याच्या पाठीमागे. ढाल पुढे, बाकीचे मागे. अबू सख्र यांचेही तेच उत्तर. मलाही प्रश्न चुकला नाही. मी तग्रीद यांच्या खुर्चीमागून पाहत असे, आणि खेळणाऱ्यास तसेच बघणाऱ्यास आपल्या वीराची पाठच दिसते, असे मी सांगितले.

अबू सख्र यांच्या दुकानात कॉफीच्या यंत्रामागे तिन्ही वीरांचे एक मोठे छापील चित्र आहे. चेहरे मोठे दिसावेत म्हणून ते गुडघ्यांवरूनच कापलेले आहे. अबू नज्द त्याच्यापुढे बराच वेळ उभे राहिले.

"हे रस्त्याकडच्या काचेत होतं ना?"

अबू सख्र अवघडले. मग म्हणाले, "होतं. एकानं आत घ्यायला सांगितलं. घरी येऊन, कॉफीचा पेला समोर ठेवून मागणी केली. मी म्हटलं, कॉफी प्या. झालं. आता त्याचं नाव विचारू नकोस. दिलेला शब्द आहे."

येथील रीतच अशी आहे की मोठी मागणी घेऊन आलेला पाहुणा कॉफीचा पेला न पिता पुढ्यात ठेवतो. यजमान "कॉफी प्या" म्हणाला की मागणी मान्य झाली. त्यावर पुढे चर्चा होत नाही.

हाजींचा मुलगा रशाद मोठ्या कचेरीत अभियंता. तो हाजींच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो आणि जाता-येता वडिलांना दारातून सलाम करतो. त्याच्या मुलीसाठी शुक्रवारी वरपक्षाची मंडळी, बडे घराणे, मागणी घालण्यास यावयाची होती. त्याने आम्हांस जिन्यातच गाठून अदबीने सांगितले की खेळातले त्याला काही कळत नाही. भिंतीवरचे ते चित्र मात्र एकदा पाहिले आहे, चेहरा बरा साधला आहे.

"कुठून पाहिलंस?" अबू नज्दनी विचारले.

"समोरून, अम्मो. चित्र आणखी कुठून पाहतात?"

अबू नज्द यांनी डोळे मिटले. मला वाटले, त्यांना झोप लागली.

रात्र सरली. सकाळी तग्रीद यांचा निरोप आला. कल्हईवाला परत आला होता.

तीन

आम्ही लगबगीने त्यांच्या घरी गेलो. हाजी रजई पांघरून शेगडीजवळ बसले होते. वाडगीतले मसुराचे सार थंड होऊन त्यावर साय धरली होती. पडद्यावर कल्हईवाला उभा होता. दाढीचे तेच पांढरे खुंट, तीच तिरपी टोपी, तेच चकाकते ताट. माझ्या तोंडून ईश्वराचे नाव निघाले.

"हा मी केलेला नाही," तग्रीद म्हणाल्या. त्यांचा आवाज फार दमलेला होता. त्या सारी रात्र वडिलांना भरविण्याची खटपट करीत होत्या, वीर पुन्हा घडविण्यास त्यांना सवडच मिळाली नव्हती. "फिरवून बघा."

त्यांनी वीरास वळविले. पाठ कोरी होती. काजळीचा पंजा नव्हता. आणि पायांत काळे, चामड्याचे, चकचकीत बूट होते.

मी म्हणालो की मग बूट काढून टाकावेत, पंजा उमटवावा, त्यात अडचण ती काय. तेव्हा त्यांनी गुप्त शब्द घालून दाखविला. खेळाने तो नाकारला. नव्या कल्हईवाल्याला घडविणाऱ्याने त्याला नवाच शब्द दिला होता. तो पुसताही येईना, बदलताही येईना. दुसरा वीर घडवून उपयोग नव्हता, कारण त्या संचाने महानगरात आपली एक गल्ली बांधली होती, तीत कल्हईची भट्टी होती, आणि त्या गल्लीत तिघांखेरीज चौथ्यास प्रवेश नसे. तिसरी जागा या बूटवाल्याने अडविली होती. हाजी त्या भट्टीसमोर उभ्या असलेल्या स्वतःस पाहत, तेव्हाच घास गिळत.

"याबा, बघा," तग्रीद वडिलांना म्हणाल्या. "कोण आलंय?"

हाजींनी पडद्याकडे पाहिले. मग त्यांनी रजईखाली आपले उघडे पाय ओढून घेतले.

"पाहुणे आलेत," ते हळूच म्हणाले. "त्यांना बसायला सांग. मी असा कसा समोर येऊ?"

वाडगी तशीच राहिली. तग्रीद यांनी ती उचलून स्वयंपाकघरात नेली, आणि नळाचा आवाज बराच वेळ येत राहिला.

बाहेर येताच मी माझा तर्क मांडला. ज्याने मूळ वीर कधी पाहिलाच नाही, अशा कोण्या परक्याचे हे कृत्य. अबू नज्द पायऱ्या उतरण्याऐवजी पायरीवरच बसले.

"परका असता, अबू किरण," ते म्हणाले, "तर मी केव्हाच घरी जाऊन झोपलो असतो."

चार

त्या थंड जिन्यात बसून त्यांनी जे सांगितले ते असे.

ज्याने हा दुसरा घडविला, त्याला पाठीवरच्या पंजाची माहिती नव्हती. म्हणजे त्याने वीरास पाठीमागून कधी पाहिले नाही. दिरारने वर्षभर ती पाठच पाहिली. अबू सख्र यांनीही तेच. मीही तेच. तग्रीद यांनी तर ती स्वतः काढली. म्हणून आम्ही सर्व सुटलो. घडविणाऱ्यापुढे केवळ छापील चित्र होते. त्यात वीर समोरून दिसतो आणि गुडघ्यांशी संपतो.

मी म्हणालो, "म्हणूनच तर बूट. त्याला पाय दिसलेच नाहीत."

"मलाही आधी तेच वाटलं. पण मघाशी तग्रीदला मी विचारलं. पायांचं काही निवडलंच नाही, तर खेळ आपणहून काय घालतो? ती म्हणाली, निळे, गुडघ्यापर्यंतचे, वीरांचे असतात तसले. आता सांग, परक्या माणसानं काय केलं असतं?"

"निळेच राहू दिले असते."

"आणि हे काळे कुठं मिळतात, ठाऊक आहे? मेजवानीच्या कपड्यांत. सुटाबरोबरचे. ते शोधायला कोणीतरी खूप आत गेलंय. मळकी विजार, फाटका अंगरखा आणि खाली लग्नाला जायचे बूट." त्यांनी गुडघा चोळला. "ज्याला पाय माहीत नव्हते, त्यानं काहीही घातलं असतं. यानं निवडून घातले. म्हणजे त्या पायांत काही नसतं हे त्याला ठाऊक होतं, आणि ते त्याला बघवत नव्हतं. नक्कल करणारा चूक करतो, अबू किरण. यानं चूक केलेली नाही. यानं सुधारणा केली आहे."

चित्र रस्त्याकडून आत घ्यावयास लावणारा रीतीने कॉफी ठेवून मागणी करणारा होता. दिरार असता तर त्याने भांडून ते फाडले असते. आणि एकाच इमारतीत राहून, वडिलांशेजारी बसून एकदाही तो खेळ न पाहणारा माणूस मला आता एकच दिसत होता.

"मग काय करायचं? खाली जाऊ या का?"

अबू नज्द कठड्याला धरून उठले.

"वर," ते म्हणाले.

पाच

रशादच्या बैठकीत शुक्रवारसाठी आणलेले नवे कोच प्लास्टिकच्या आवरणातच होते. त्याने आमचे अगत्याने स्वागत केले आणि स्वतः कॉफी ओतली. उजव्या हाताने पेला दिला. अबू नज्द यांनी तो घेतला आणि न पिता समोरच्या तिवईवर ठेवला.

रशाद त्या पेल्याकडे पाहत राहिला. त्याला अर्थ समजावून सांगण्याची गरज नव्हती.

"मागणी सांगा, अम्मो."

"खाली ये. त्याचे बूट काढ. आणि तुझ्या बापाशेजारी बस."

मग रशादने सांगण्यास आरंभ केला, अगदी सपाट आवाजात, कचेरीतला अहवाल वाचावा तसा. वरपक्षाला त्याने सांगितले होते की वडील तांब्याचे व्यापारी होते. कल्हईच्या धंद्याला लोक कसे हलके लेखतात, तो करणाऱ्यास कोणत्या भटक्या जमातीची नावे ठेवतात, हे येथे जन्मलेल्या कोणासही ठाऊक आहे. नवऱ्या मुलाचे चुलतभाऊ विद्यापीठात शिकतात, रोज त्या काचेपुढून जातात. चित्र आत गेले, तरी वीर खेळात हिंडतच होता. म्हणून तग्रीद शाळेत असता त्याने खाली जाऊन, त्या दुपारी ऐकलेला गुप्त शब्द घालून तो पुसला. त्याला वाटले, एक खेळणे गेले, आठवड्याने सर्व विसरतील.

"मग परत का आणलास?"

"जमिनीतून ऐकू येतं, अम्मो. ती त्यांना 'एक घास, याबा, एक घास' म्हणत होती. रात्रभर. पहाटे ती नमाजाला आत गेली तेव्हा मी खाली गेलो. चित्राचा फोटो होता माझ्याकडे. जमेल तसा केला."

"आणि बूट?"

रशादने खिडकीकडे पाहिले. बाहेर पाऊस होता.

"थंडी आहे," तो म्हणाला.

पेल्यातली वाफ केव्हाच गेली होती. आतून मुलगी विचारून गेली की पाहुणे जेवायला थांबणार का, आणि बापाचा चेहरा पाहून उत्तराविनाच परतली.

"शुक्रवारी ते येतील," रशाद म्हणाला. "रीतीप्रमाणे याबांना मधोमध बसवावं लागेल. ते काहीतरी बोलतील. भट्टीचं बोलतील. त्या लोकांनी विचारलं तर?"

"तर तू सांगशील."

"आणि ते उठून गेले तर?"

"तर उठून जातील. मी म्हातारा झालोय, रशाद. मला दुसरं उत्तर येत नाही."

मी आयुष्यात अनेक गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे पाहत थांबलो आहे, पण त्या वेळेइतके थांबणे मला कधी जड गेले नाही. खाली एक वृद्ध उपाशी होता, आणि तो जेवणार की नाही हे त्या तिवईवरच्या पेल्यावर ठरावयाचे होते. रशादने हातांनी चेहरा झाकला, मग हात खाली घेतले.

"कॉफी प्या, अम्मो," तो म्हणाला.

अबू नज्द यांनी थंडगार कॉफी एका घोटात संपविली.

सहा

तग्रीद यांनी दार उघडले, भावाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले. सर्व त्यांच्या ध्यानात आले असावे. मी भांडणाची धास्ती घेतली होती. त्या एवढेच म्हणाल्या, "चपला बाहेर काढ. फरशी पुसलीय."

रशाद संगणकापुढे बसला. हाजी त्याच्या बाजूस, रजईत. त्याने नवा गुप्त शब्द घातला. बूट गेले. मग तो थांबला. पंजा कोठे उमटवावा हे त्याला माहीत नव्हते. तग्रीद यांनी त्याचा हात धरून बाण पडद्यावर नेला. थोडा वर, थोडा डावीकडे. तेथे. मग त्यांनी वीरास गल्लीत नेऊन भट्टीसमोर उभे केले. तो कढईत उतरला आणि टाचांवर फिरू लागला.

हाजी पुढे वाकले. बराच वेळ पाहत राहिले.

"हा मी," ते म्हणाले.

तग्रीद यांनी ऊन सार आणले. हाजींनी एक घास घेतला, गिळला, दुसऱ्यासाठी तोंड उघडले. तग्रीद रडल्या नाहीत. त्या भरवीत राहिल्या. मला वाटते, रडण्याइतके त्राण त्यांच्यात उरले नव्हते.

वाडगी निम्मी झाल्यावर हाजींचे लक्ष शेजारी बसलेल्या माणसाकडे गेले. त्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले. चांगला कोट, दाढी केलेली, गिऱ्हाईक बड्या घरचे दिसत होते.

"आज विस्तव विझला, साहेब," हाजी अदबीने म्हणाले. "तुमचं भांडं उद्या मिळेल."

रशादचे ओठ हलले. बहिणीने त्याच्याकडे पाहिले नाही. अबू नज्द यांनी डोळे मिटून घेतले होते, परंतु या वेळी ते झोपलेले नाहीत हे मला ठाऊक होते.

"बरं," रशाद म्हणाला. "उद्या येतो."

येथवर माझ्यासोबत त्या जिन्यातून चढ-उतार करणाऱ्या सर्व वाचकांचे मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो. लेखनात जे उणे राहिले असेल ते माझ्या अपुऱ्या शिक्षणाचे समजावे.

आपला,
मारुती धोंडीराम खवरे
शिंपी, विद्यापीठ रस्ता, इर्बिद